मुलांना लिहायची गोडी कशी लागते? निबंधाच्या पलीकडे नेण्यासाठी पालक आणि शिक्षक काय करू शकतात

'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध वर्गाला लिहायला दिला की बहुतेक वह्यांमध्ये एकच पाऊस पडतो. काळे ढग दाटून येतात, विजा कडाडतात, मोर पिसारा फुलवतो आणि शेतकरी सुखावतो. नवी मुंबईतल्या मुलाने पाहिलेला पाऊस मात्र वेगळा असतो. त्यात लोकल बराच वेळ एकाच ठिकाणी उभी असते, खारघरच्या डोंगरावरून धबधबे उतरत असतात, शाळेचा गणवेश पंख्याखाली वाळत असतो आणि बाबांचा फोन लागत नसतो. हा पाऊस वहीत येत नाही. तो लिहिला तर मार्क मिळतील का, याची मुलाला खात्री नसते.

मुलांना लिहायला आवडत नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. पण आपण त्यांना लिहायला काय देतो आणि लिहिलेलं कोण वाचतं, हे पाहिलं तर तक्रारीचं उत्तर बऱ्याच अंशी सापडतं. मुलाच्या लेखनाला बहुतेक वेळा तपासणारा मिळतो, वाचणारा मिळत नाही. गोडी लागायची असेल तर वाचणारा आधी हवा.

सर्जनशील लेखन म्हणजे नेमकं काय?

गोष्ट, कविता, नाट्यप्रवेश, डायरी, काल्पनिक पत्र, एखाद्या प्रसंगाचं वर्णन, कॉमिक, गाण्याचे शब्द हे सगळं सर्जनशील लेखनात येतं. यात मूल स्वतःची कल्पना, अनुभव आणि शब्द वापरतं. उत्तर आधीच ठरलेलं नसतं. त्यामुळे हे लेखन बरोबर की चूक असं ठरवता येत नाही. ते पोहोचलं की नाही पोहोचलं, एवढंच म्हणता येतं.

यासाठी मूल 'हुशार' असायची किंवा पुढे लेखक व्हायची गरज नाही. क्रिकेट खेळणारं प्रत्येक मूल रणजी खेळत नाही, तरी आपण त्याला मैदानावर पाठवतोच.

मुलांना लिहायचा कंटाळा का येतो?

पहिलं कारण म्हणजे विषय त्यांचा नसतो. 'मी पंतप्रधान झालो तर', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' हे विषय वाईट नाहीत. पण त्यांची तयार उत्तरं गाइडमध्ये मिळतात आणि तीच पाठ केली जातात.

दुसरं कारण लाल शाईचं. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा आणि अक्षर यांवर पहिल्याच वाचनात खुणा झाल्या की मूल पुढच्या वेळी सोपे शब्द आणि छोटी वाक्यं निवडतं. चूक होऊ नये म्हणून ते कमी लिहितं.

तिसरं कारण हाताचं आहे. लहान मुलाच्या डोक्यात गोष्ट वेगाने धावते, पण हात मागे राहतो. दोन ओळींत हात दुखायला लागतो आणि गोष्ट अर्धवट सुटते. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमधल्या नॅशनल लिटरसी ट्रस्टच्या २०२४च्या पाहणीत ८ ते १८ वयोगटातल्या साधारण २९ टक्के मुलांनीच मोकळ्या वेळेत लिहायला आवडतं, असं सांगितलं.

पण दहावीला याचा उपयोग आहे का?

हा प्रश्न पालक विचारतातच आणि तो रास्त आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र आणि सारांशाबरोबर त्यात जाहिरात, बातमी, कथालेखन, प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे प्रकार येतात. म्हणजे स्वतःच्या शब्दांत लिहिता येणं अभ्यासक्रमाच्या बाहेरचं नाही. वर्षभर मनापासून लिहिणाऱ्या मुलाला हे प्रश्न वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

मात्र गोष्ट लिहिणाऱ्या मुलाला रोज 'हे परीक्षेत येईल' असं सांगू नका. ते ऐकलं की त्याच्यासाठी गोष्टीचा पुन्हा निबंध होतो.

मराठीत मुलांच्या लेखनाची परंपरा आहे का?

आहे, आणि ती बरीच जुनी आहे.

१८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने मांग आणि महार समाजांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तो छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले अत्याचार तिने त्यात मांडले. वेद वाचायचा हक्क आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्नही तिने विचारला. दलित स्त्रीच्या लेखनाची सुरुवात म्हणून हा निबंध आजही वाचला जातो. तोही शाळेतलाच निबंध होता. फरक एवढाच की विषय तिच्या आयुष्यातला होता आणि वाचणारे वर्गाबाहेरही होते.

साने गुरुजींचं उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचं आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना ते वसतिगृहाचं कामही पाहायचे. तिथल्या मुलांसाठी ते स्वतः हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केलं. मुलांना लिहायला सांगण्याआधी मोठा माणूस स्वतः त्यांच्यासमोर लिहीत होता, ही यातली घेण्यासारखी गोष्ट. घरात कोणीच कधी काही लिहिताना दिसत नसेल, तर लेखन म्हणजे फक्त गृहपाठ, असंच मूल समजेल.

वाचायला काय द्यावं, याचं एक उत्तर फुकट उपलब्ध आहे. बालभारतीने नोव्हेंबर १९७१मध्ये 'किशोर' हे मासिक सुरू केलं. त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. कथा, कविता, कोडी, चित्रं असं सगळं त्यात आहे आणि मोबाइलवरही वाचता येतं.

बाहेरच्या जगात कोणते प्रयोग झाले?

तीन प्रयोग आपल्याला थेट वापरता येण्यासारखे आहेत.

रशियन लेखक लिओ टॉल्स्टॉय यांनी यास्नाया पोल्याना या आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. तिथे मुलांबरोबर बसून गोष्टी लिहिताना मुलांच्या सूचना आपल्यापेक्षा सरस आहेत, असं त्यांना जाणवलं. लिहायला कोणी कोणाकडून शिकायचं, मुलांनी आपल्याकडून की आपण मुलांकडून, असा प्रश्न विचारणारा लेखच त्यांनी १८६२ साली लिहिला.

फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ साली एका खेड्यातल्या वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्या मनातलं लिहायची, वर्ग मिळून त्यातलं निवडायचा, खिळे जुळवून ते छापायचा आणि दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवायचा. तिकडूनही तसाच मजकूर यायचा. दूरच्या शाळेतली मुलं वाचणार आहेत म्हटल्यावर शुद्धलेखन नीट असावं, हे सांगण्याची वेगळी गरज उरत नाही.

इटलीचे बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी १९७३च्या आपल्या पुस्तकात एक सोपा खेळ सांगितला. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांना जोडणारी गोष्ट रचायची. 'फ्लेमिंगो' आणि 'लिफ्ट' हे दोन शब्द मुलांना देऊन पाहा. फ्लेमिंगो लिफ्टमध्ये शिरला कसा, कितव्या मजल्यावर निघाला, वॉचमनने त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं का? रिकाम्या पानाची भीती या खेळात उरत नाही, कारण सुरुवात आधीच हातात असते.

कोणत्या वयात काय करावं?

*३ ते ६ वर्षं:* मुलाने सांगायचं, मोठ्यांनी लिहायचं. मूल जसं बोलतं तसंच उतरवा, वाक्य सुधारू नका. खाली त्याला चित्र काढू द्या आणि नंतर तेच वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर राहतं आणि पुन्हा ऐकता येतं, हा शोध या वयात लागला की पुढचं बरंच काम होतं.

*७ ते १० वर्षं:* छोटे आणि उपयोगाचे प्रकार घ्या. आजीला पत्र, फ्रिजवर चिकटवायची चिठ्ठी, हरवलेल्या पेन्सिलची जाहिरात, चार चौकटींचं कॉमिक, आपल्या मांजराची डायरी. दहा मिनिटं पुरतात. गोष्ट लांब व्हायला लागली तर अर्धी मुलाने लिहावी, अर्धी सांगावी.

*११ ते १३ वर्षं:* या वयात मित्र महत्त्वाचे होतात. एकाने सुरुवात लिहायची, दुसऱ्याने पुढे न्यायची, तिसऱ्याने संपवायची, अशी साखळी गोष्ट चालते. आवडत्या पात्रांना घेऊन नवी गोष्ट लिहिणंही चालेल. नक्कल करतच लिहिण्याची घडण होते.

*१४ वर्षांपुढे:* रॅप, कविता, सिनेमाचं परीक्षण, व्हिडिओची संहिता, खासगी डायरी, काहीही असू द्या. 'हे काय साहित्य आहे का?' हे वाक्य टाळा. या वयात मूल स्वतःचा आवाज शोधत असतं आणि थट्टा झाली की वही कायमची बंद होते.

नवी मुंबईतल्या मुलाला विषय कुठे मिळणार?

'आमच्याकडे काही घडतच नाही,' असं सेक्टरमध्ये वाढणाऱ्या मुलांना वाटतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा होता. खऱ्या गावातून आलेला हा पोरगा मराठी वाचकांना आपला वाटला. मग एखादा नायक घणसोलीचा किंवा करावे गावचा का असू नये?

या शहराकडे सांगण्यासारखं खूप आहे. मार्च १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर वसवायचं ठरलं. आजच्या टॉवरच्या जागी भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी पाहिलेली माणसं अजून गावठाणांत राहतात. १९९२ साली लोकल वाशीला पोहोचली. त्याआधीचा प्रवास आठवणारे आजी-आजोबा अनेक घरांत आहेत. या आठवणींपैकी फार थोड्या लिहिल्या गेल्या आहेत. मुलाने आजीला पाच प्रश्न विचारून एक पान लिहिलं, तर घरात कोणाकडेच नसलेला दस्तऐवज तयार होतो.

सुरुवातीसाठी काही विषय:

- दिवाळे किंवा सारसोळेच्या खाडीतली होडी रात्री काय बोलते?
- तुर्भ्याच्या बाजार समितीत आलेल्या एका आंब्याच्या पेटीचा प्रवास.
- आपल्या बिल्डिंगमध्ये दिवसभरात ऐकू येणारे दहा आवाज.
- दरवर्षी येणाऱ्या फ्लेमिंगोला यंदा आपलं तळं सापडत नाही.
- आजोबांच्या लहानपणी इथे काय होतं आणि आता तिथे काय आहे?

आगरी किंवा कोळी घरातल्या मुलाने संवाद आपल्या बोलीत लिहिले तर ते 'अशुद्ध' म्हणून खोडू नका. आजी जशी बोलते तशीच गोष्टीत बोलली, तरच ती आजी वाटेल.

मूल इंग्रजी माध्यमात असेल आणि मराठी लिहिता येत नसेल तर?

महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांमध्ये पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. तरी अनेक मुलांची मराठी बोलण्यापुरतीच राहते. मनातलं सांगायला मराठी आणि लिहायला इंग्रजी, अशी ही विभागणी असते. त्यामुळे घरातल्या गोष्टी लिहायचं ठरवलं की त्यांचे शब्द अडतात.

इथे बोलण्यापासून सुरुवात करा. मुलाला गोष्ट फोनवर रेकॉर्ड करू द्या आणि मग दोघांनी मिळून ती ऐकत देवनागरीत उतरवा. फोनवरचं मराठी बोलून टाइप करण्याचं साधनही चालेल. पहिल्या मसुद्यात इंग्रजी किंवा हिंदी शब्द येऊ द्या. घरी तेलुगू, मल्याळम किंवा गुजराती बोलली जात असेल तर त्या भाषेत लिहिणंही तितकंच मोलाचं आहे. एका भाषेत लिहायची भीती गेली की दुसऱ्या भाषेतही ती कमी होते.

मुलाने लिहिलेलं दाखवलं तर काय बोलायचं?

'छान!' एवढं म्हणून वही परत दिली तर ती वाचली नाही, हे मुलाला कळतं. आणि 'इथे वेलांटी चुकली' हे पहिलंच वाक्य असेल तर पुढच्या वेळी वही समोर येत नाही. त्याऐवजी वाचक म्हणून तीन गोष्टी सांगा.

- मला कुठे काय डोळ्यांसमोर दिसलं.
- मला कुठे पुढे काय होईल याची उत्सुकता वाटली.
- मला कुठे नीट कळलं नाही.

शुद्धलेखन सोडून द्यायचं नाही, फक्त त्याची पाळी नंतर येते. आधी मसुदा, मग आशयाची दुरुस्ती आणि शेवटी, कोणाला तरी वाचायला द्यायच्या आधी, शुद्धलेखन. एका वेळी दोन-तीन प्रकारच्याच चुका दाखवा.

किशोरवयीन मुलांची डायरी पालकांनी वाचावी का?

मूल स्वतः दाखवत नसेल तर वाचू नका. डायरी चोरून वाचली गेली हे कळल्यावर मूल लिहिणं थांबवतं आणि बऱ्याचदा बोलणंही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहायला सांगितलं होतं. भावना मोकळ्या करणाऱ्या लेखनावर पुढे जगभर संशोधन झालं, त्याची सुरुवात इथून मानली जाते. अशा लेखनाला खासगीपणा लागतो.

गडद कविता किंवा दुःखाची गोष्ट म्हणजे लगेच धोका, असंही नाही. या वयात अशा विषयांची ओढ असते. पण दाखवलेल्या लेखनात स्वतःला इजा करण्याचा, मारहाणीचा किंवा छळाचा स्पष्ट उल्लेख असेल तर त्याचं साहित्य म्हणून कौतुक करत बसू नका. शांतपणे आणि थेट विचारा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी मोफत मदत मिळते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

चॅटजीपीटी असताना मुलांनी लिहायचं कशाला?

'पावसाळ्यातील एक दिवस' हा साचेबद्ध निबंध यंत्र काही सेकंदांत लिहून देतं. गणवेश पंख्याखाली वाळत होता आणि बाबांचा फोन लागत नव्हता, हे मात्र त्याला माहीत नसतं. शाळेने आणि घराने साचेबद्ध लेखन मागितलं तर मुलं ते यंत्राकडून घेणारच. विषय जितका जवळचा, तितकी नक्कल कमी. यंत्राशी खेळायचंच असेल तर त्याने लिहिलेल्या गोष्टीतलं खोटं किंवा कंटाळवाणं वाटणारं वाक्य शोधायला सांगा. मुलं या कामात निर्दय आणि तरबेज असतात.

वाचणारे कुठून आणायचे?

यासाठी क्लास लावायची गरज नाही.

*एका कागदाचं पुस्तक:* ए-फोर कागदाच्या घड्या घालून आठ चौकोन करा, मधोमध एक चीर द्या आणि घडी वळवा. आठ पानांचं पुस्तक तयार होतं. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं असल्याने कागद उलगडून झेरॉक्स काढता येते. पाच प्रती म्हणजे पाच वाचक.

*भित्तिपत्रिका:* सोसायटीच्या सूचनाफलकाचा एक कोपरा महिन्यातून एकदा मुलांना द्या. लिफ्टची वाट पाहणारी माणसं हमखास वाचतात.

*हस्तलिखित:* वर्गातल्या प्रत्येकाचं एक पान, मुलांनीच केलेलं संपादन, मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका. प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवली तर पुढच्या वर्षीची मुलंही ती वाचतील. चांगलं अक्षर असलेल्या चारच मुलांचं हस्तलिखित मात्र करू नका.

*गणेशोत्सवाची स्मरणिका:* जाहिरातींच्या मध्ये मुलांसाठी चार पानं राखून ठेवणं मंडळांना सहज जमतं.

*मोठ्याने वाचन:* रविवारी चार-पाच मुलं, एक खोली, प्रत्येकाला पाच मिनिटं. ज्याला वाचायचं नाही त्याने फक्त ऐकावं.

स्पर्धांना मुलं हौसेने जात असतील तर जाऊ द्या, पण प्रत्येक लेखन स्पर्धेसाठी नको. पैसे घेऊन मुलाला 'लेखक' करून देणाऱ्या योजनांपासून जरा सावध राहा. पुस्तक छापलं जातं, पण ते खरोखर वाचणारं कोणी नसेल तर मूळ प्रश्न तिथेच राहतो.

सुरुवात कशी करायची?

आठवड्यातला एक दिवस ठरवा. जेवण झाल्यावर टीव्ही बंद करून घरातल्या सगळ्यांनी दहा मिनिटं लिहायचं, मोठ्यांनीही. विषय तोच, उदाहरणार्थ 'आज सगळ्यात विचित्र काय पाहिलं?' दहा मिनिटांनी ज्याला वाचावंसं वाटेल त्याने वाचायचं. आई-बाबांनी आधी वाचलं तर बरं. त्यांचं लेखनही अडखळतं, हे पाहिल्यावर मुलांना धीर येतो. पहिले काही आठवडे दोनच ओळी येतील. त्या दोन ओळींबद्दल एक खरा प्रश्न विचारा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसा.